शुद्ध हरपते तेव्हा काय तुटतं?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मॅच बघताना एक गोष्ट सहज तपासता येते. चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो आणि 'टक्' असा आवाज जरा मागून येतो. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. खेळपट्टी ७० मीटरवर असेल तर त्याला २०० मिलिसेकंद उशीर होतो, आणि तो उशीर आपल्याला स्पष्ट कळतो. मग कट्ट्यावरून उठून खेळपट्टीपासून दहा-बारा मीटरवर जाऊन उभे राहा. आता उशीर जाणवत नाही. हवेतला उशीर खरं तर अजून आहे, तीसेक मिलिसेकंदांचा. पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं रूपांतर विद्युत संदेशात करणारी रासायनिक साखळी संथ असते, तर कानातल्या केसपेशी तेच काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकतात. दृश्य मेंदूपर्यंत पोहोचायला आवाजापेक्षा तीस-चाळीस मिलिसेकंद जास्त घेतं. हवेतला उशीर आणि डोळ्यातला उशीर इथे एकमेकांना कापून टाकतात.

त्याहून जवळ या. समोरच्याने हातभर अंतरावर टाळी वाजवली तर आवाज मेंदूत आधी पोहोचतो आणि दृश्य नंतर. तरीही टाळी एकच वाटते. म्हणजे मेंदू एक खिडकी उघडी ठेवतो आणि त्या खिडकीत आलेलं सगळं एकाच घटनेचं मानतो. ही खिडकी दोन्ही बाजूंना सारखी नसते. आवाज दृश्याच्या मागे शंभर-दीडशे मिलिसेकंद राहिला तरी चालतो, पण पुढे गेला की फार लवकर खटकतं. टीव्हीवर ओठांआधी शब्द ऐकू आले की आपण लगेच वैतागतो, त्याचं कारण हेच. निसर्गात आवाज कानापर्यंत प्रकाशाच्या आधी कधी पोहोचत नाही, म्हणून मेंदूने त्या बाजूला फारशी सवलत ठेवलेली नाही.

आपण ज्याला 'आत्ता' म्हणतो तो क्षण असा जुळवलेला असतो. आणि ही जुळवाजुळव मेंदूत नेमकी कुठे होते, याचं उत्तर शंभर वर्षं शोधूनही एका जागेवर बोट ठेवता आलेलं नाही. रंगाचं काम मुख्यतः एका भागात चालतं, हालचालीचं दुसऱ्या, चेहऱ्यांचं तिसऱ्या. हे भाग वेगळे आहेत ते कळतं त्यातला एकच बिघडतो तेव्हा. १९८३ साली जर्मन संशोधकांनी एका स्त्रीचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे इजा झाल्यावर तिला रंग दिसत, आकार दिसत, वस्तू ओळखता येत. फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसायची आणि कप भरत आल्याचं कळायचं नाही. लांब असलेली गाडी, रस्ता ओलांडायला पाऊल टाकावं तोच, एकदम जवळ आलेली असायची. दादर स्टेशनबाहेर अशा माणसाला पाच पावलंही सुरक्षित टाकता येणार नाहीत.

जोडणी स्वतः चुकते तेव्हा काय होतं, तेही बघण्यासारखं आहे आणि ते घरी करता येतं. मोबाइलवर एक चित्र करा: मधे तीन अक्षरं तीन वेगळ्या रंगांत, म्हणजे लाल क, हिरवा म, निळा ट, आणि दोन्ही टोकांना काळे दोन आकडे. हे चित्र पाव सेकंदाहून कमी वेळ दिसेल असं ठेवा. बघणाऱ्याला आधी दोन आकडे विचारा आणि मगच अक्षरं. आकड्यांनी लक्ष अडकवल्यामुळे बरेच जण खात्रीने सांगतात की लाल ट होता. लाल दिसला, ट दिसला, पण त्यांची गाठ चुकीची बसली. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी: चित्र जास्त वेळ राहतं, किंवा आकडे नंतर विचारले जातात. ॲन ट्रीसमन यांनी १९८२ मध्ये याचे मूळ प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे १९९५ मध्ये त्यांच्या चमूला असा रुग्ण भेटला, ज्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वखंडांना, म्हणजे वरच्या-मागच्या भागांना, इजा झाली होती. त्याला दहा-दहा सेकंद बघूनही रंग आणि अक्षरांच्या गाठी चुकायच्या. त्याचे डोळे शाबूत होते, रंगाचे आणि आकाराचे भागही शाबूत होते.

इथवर आलं की एक सोपा निष्कर्ष खुणावतो: मेंदूत पेशी भरपूर, माहिती भरपूर, म्हणून जाणीव. हा निष्कर्ष मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो पटकन पटतो आणि साफ चुकीचा आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या ६९ अब्ज मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत असतात. मोठ्या मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्यपटलात जेमतेम १६ अब्ज. पेशींच्या संख्येवर जाणीव ठरत असती तर तिचं घर लहान मेंदूत असायला हवं होतं. पण लहान मेंदूशिवाय जन्मलेली माणसं आहेत. चीनमधल्या अशा एका २४ वर्षांच्या तरुणीची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. चालणं डगमगतं, उच्चार अडखळतात, पण ती पूर्ण शुद्धीत जगणारी बाई आहे. उलट बाजूला थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या संदेशांच्या जंक्शनच्या, मध्याजवळ, दोन्हीकडे, अगदी लहानशी गाठ रक्तवाहिनीत अडकली तरी माणूस कोमात जाऊ शकतो.

फरक मांडणीचा आहे. लहान मेंदू म्हणजे टॉवरमधले बंद फ्लॅट: प्रत्येकाची लिफ्ट, नळ, वीज आपापली, आणि शेजारी काय चाललंय याचा पत्ता नाही. बाह्यपटल आणि थॅलॅमस म्हणजे गिरगावातली चाळ, जिथे एका खोलीत भांडं पडलं की ते सामायिक गॅलरीतून सगळ्यांना कळतं आणि सगळ्यांचं बोलणं परत त्या खोलीत येतं. लहान मेंदूत संदेश एका बाजूने शिरतो, समांतर पट्ट्यांतून पुढे सरकतो आणि बाहेर पडतो, परतीच्या वाटा फार कमी. बाह्यपटलात जवळजवळ प्रत्येक भाग ज्याला संदेश देतो त्याच्याकडून घेतोही. जाणिवेसाठी ही परतीची वाट लागते, असं मानायला आज भरपूर आधार आहे.

हा आधार कुठून आला ते सांगायचं तर झोपेकडे वळावं लागतं. गाढ, स्वप्नरहित झोपेत मेंदू बंद पडत नाही. पेशी काम करत असतात, रक्तपुरवठा चालू असतो, कानातून संदेश पोहोचतच असतात. तरी आत कोणी नसतं. मग बदलतं काय? २००५ मध्ये मार्सेल्लो मासिमिनी, जुलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांनी याचं थेट उत्तर काढलं. त्यांनी मेंदूला काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. बाहेरून ठोका दिला आणि पडसाद ऐकला. जाग्या माणसात पडसाद एका भागातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असा ३०० मिलिसेकंदांपर्यंत फिरत राहिला. त्याच माणसाला गाढ झोप लागल्यावर तोच ठोका त्याच जागी दिला, तर पडसाद अधिक जोरकस उठला, पण तिथल्या तिथेच दीडशे मिलिसेकंदांत विरला. झोपेत चेतापेशींना जरा धक्का बसला की त्या क्षणभर सगळ्या मिळून गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यात साखळी तुटते. स्वप्नांच्या झोपेत पडसाद पुन्हा पसरू लागतो.

या पद्धतीचा तपशील सांगतो, कारण सगळी मेख तपशिलात आहे. आठाच्या आकाराचं तारेचं वेटोळं डोक्यावर धरतात. त्यातून एका मिलिसेकंदाहून कमी काळाचा जोरदार विद्युत स्पंद सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून विनासायास आत जातं आणि खालच्या पेशींना चेतवतं. डोक्यावर साठेक इलेक्ट्रोडची ईईजी टोपी असते, ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते. दोन-अडीच सेकंदांना एक असे दोनशेच्या आसपास ठोके देऊन त्यांची सरासरी काढतात, कारण एकट्या ठोक्याचा पडसाद मेंदूच्या नेहमीच्या गजबजाटात बुडून जातो. साधं ईईजी यंत्र इथे चालत नाही. स्पंदाने त्याचा ॲम्प्लिफायर भरून जातो आणि हवा तेवढा वेळ आंधळा होतो.

चुका इथेच होतात. वेटोळं प्रत्येक स्पंदाला 'टिक्' असा आवाज करतं. तो कानात गेला की ऐकण्याचा पडसाद ठोक्याच्या पडसादात मिसळतो आणि मेंदू आहे त्यापेक्षा बोलका वाटतो. म्हणून इअरफोनमधून त्याच पट्टीतला खरखराट वाजवतात आणि वेटोळ्याच्या खाली फोमचा पातळ थर ठेवतात. कानशिलाजवळ ठोका दिला तर जबड्याचा स्नायू उडतो, आणि त्याचा संदेश मेंदूच्या संदेशाच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे जागा डोक्याच्या मध्यरेषेजवळ निवडतात. ठोका हलका पडला तर सगळेच मेंदू गप्प दिसतात. आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे पक्षाघाताने मेलेल्या भागावर ठोका देणं. तिथून काहीच परत येत नाही, आणि घाईत असलेला माणूस त्याचा अर्थ 'इथे कोणी नाही' असा लावतो. म्हणून एमआरआय समोर ठेवून जिवंत भाग निवडावा लागतो, आणि एकाहून अधिक जागी ठोके द्यावे लागतात.

पडसाद मिळाला की त्याचं मोजमाप. कुठल्या जागी, कुठल्या मिलिसेकंदाला, खरोखरची हालचाल झाली याचा एक मोठा तक्ता शून्य आणि एक अशा आकड्यांत करतात, आणि तो तक्ता कॉम्प्युटरवर फाइल झिप करतात तसा दाबून बघतात. किती दाबला जातो त्यावर शून्य ते एकमधला एक आकडा मिळतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. आकडा दोन प्रकारे घसरतो. पडसाद एका कोपऱ्यात अडकला तर तक्ता बहुतेक शून्यांचा, तो सहज दाबला जातो. आणि पडसाद सगळीकडे पसरला पण सगळीकडे अगदी एकसारखा, तरीही तो सहज दाबला जातो. आकडा वर राहतो तो फक्त सगळे भाग एकमेकांशी बांधलेले असताना आणि तरीही प्रत्येक जण वेगळं काहीतरी बोलत असताना. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात मेंदूतल्या पेशी इतक्या एकतालात चालतात की त्याहून घट्ट जोडणी कल्पनेत आणता येणार नाही, आणि नेमकी तेव्हाच शुद्ध जाते. म्हणून नुसत्या जोडणीला जाणीव म्हणता येत नाही.

२०१६ मध्ये दीडशे जणांवर या आकड्याची सीमारेषा ठरवली गेली: ०.३१. ज्यांना जाग होती किंवा स्वप्न पडत होतं ते सगळे रेषेच्या वर, गाढ झोपेतले आणि भुलेत काहीच अनुभव न आल्याचं सांगणारे सगळे खाली. भुलेत एक विशेष गोष्ट दिसते. प्रोपोफॉल देऊन झोपवलेल्या माणसाचा आकडा घसरतो. केटामीन दिलेला माणूसही हाक मारली तर ओ देत नाही, चिमटा काढला तर हलत नाही, पण त्याचा आकडा जागेपणाइतकाच वर राहतो. उठल्यावर तो लांबलचक, रंगीत स्वप्नं सांगतो. ओ न देणं आणि आत कोणी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

भूलतज्ज्ञांनी हीच गोष्ट एका जुन्या, साध्या युक्तीने तपासली आहे. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून बांधतात, म्हणजे ते औषध त्या हातात पोहोचत नाही. मग भुलेखालच्या रुग्णाला सांगतात, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.' २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या २६० रुग्णांवर हे केलं तेव्हा श्वासासाठी घशात नळी घातल्यानंतर १२ जणांनी हात दाबला. उठल्यावर तसं काही आठवत असल्याचं त्यांच्याकडून आलं नाही. आठवण न राहणं म्हणजे अनुभव नसणं, असं आपण किती सहज धरून चालतो!

आता सिद्धांताबद्दल थोडक्यात. तोनोनी यांनी २००४ मध्ये मांडलं की एखाद्या व्यवस्थेचे तुकडे केल्यावर जे हरवतं, ते एकात्म माहितीचं माप म्हणजेच तिची जाणीव. कल्पना धाडसी आहे, पण ती प्रत्यक्ष मोजता येत नाही. व्यवस्थेचे दोन भाग करण्याचा सगळ्यात 'स्वस्त' मार्ग शोधावा लागतो, आणि केवळ ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीसाठीसुद्धा असे मार्ग एकावर नव्वद शून्यांहून जास्त होतात. शिवाय, या गणितानुसार पुरेशा मोठ्या जाळ्यात बांधलेली, कॉम्प्युटरमधली हो-नाही करणारी साधी लॉजिक गेट्स माणसापेक्षा जास्त जाणीव असलेली ठरतात, आणि तोनोनी यांनी हा निष्कर्ष नाकारला नाही, स्वीकारला. २०२३ मध्ये शंभरहून अधिक संशोधकांनी सह्या करून या सिद्धांताला छद्मविज्ञान म्हटलं. तो शब्द मला अवाजवी वाटला. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५६ जणांवरच्या मोठ्या चाचणीत या सिद्धांताचं एक महत्त्वाचं भाकीत खोटं ठरलं, आणि त्याच्या मुख्य प्रतिस्पर्धी सिद्धांताचंही. ०.३१ ची रेषा या वादावर अवलंबून नाही. सिद्धांतातून सुचलेलं माप सिद्धांत पडला तरी टिकू शकतं, कारण ते जागी माणसं, झोपलेली माणसं आणि भूल दिलेली माणसं यांच्यावर घासून घेतलेलं आहे.

आणि या मापाची खरी गरज आहे ती अतिदक्षता विभागात. परळच्या केईएम रुग्णालयातली एक परिचारिका १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच खाटेवर होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासून, कायमच्या वनस्पतिवत अवस्थेचे (डोळे उघडे, पण शुद्धीची खूण नाही) बहुतेक निकष पूर्ण होतात, असा अहवाल दिला. तिची दशकानुदशकं सेवा करणाऱ्या परिचारिका मात्र सांगत राहिल्या की तिला आवड-नावड कळते, चेहऱ्यावर उमटते. दोन्ही बाजू त्याच चेहऱ्याकडे बघत होत्या आणि दोघींकडेही दुसरं साधन नव्हतं. २०१६ च्या ज्या अभ्यासाने रेषा ठरवली, त्यातच अशा अवस्थेतल्या ४३ रुग्णांचं मोजमाप झालं होतं, आणि नऊ जणांचा आकडा रेषेच्या वर निघाला. खाटेशी उभं राहून बघणाऱ्याला हे नऊ जण बाकीच्या ३४ जणांहून वेगळे दिसत नव्हते.

हे यंत्र बहुतेक रुग्णालयांत नाही आणि लवकर येणारही नाही. पण खाटेपाशी करायची तपासणी नीट केली तरी खूप फरक पडतो. ठरावीक मोजपट्टी न वापरता, नुसत्या अंदाजाने 'वनस्पतिवत' म्हटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के प्रत्यक्षात थोडे शुद्धीत असतात, असं २००९ च्या एका अभ्यासात निघालं. मोजपट्टी आहे ती २३ गुणांची, आणि तिच्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हातात मावणारा आरसा. तो चेहऱ्यासमोर चार ते सहा इंचांवर धरायचा आणि सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्यायचा, प्रत्येकी ४५ अंश, दोन फेऱ्या. नजर न सुटता आरशामागे गेली, आणि असं दोनदा झालं, तर तो शुद्धीचा पुरावा धरतात. बोट किंवा टॉर्च वापरली तर हाच रुग्ण कित्येकदा नापास होतो. स्वतःचा चेहरा नजर खेचतो तशी टॉर्च खेचत नाही.

हाक मारताना केसपेपरवरचं नाव वापरू नये. ज्या बाईला साठ वर्षं कोणी 'सुलोचना' म्हटलेलं नाही तिला मुलाने 'आई, माझ्याकडे बघ' म्हणावं, सुनेने 'अहो आई' म्हणावं. सूचना तिच्या घरातल्या भाषेत हवी. मुंबईत वॉर्डातली हिंदी तिची तिसरी भाषा असू शकते. सूचना एका वेळी एकच द्यायची, ती शरीराला झेपणारी असावी, आणि दहा सेकंद घड्याळ लावून थांबायचं, कारण असा मेंदू उत्तर द्यायला वेळ घेतो आणि घाईत आपण दुसरी सूचना देऊन पहिलीचं उत्तर पुसून टाकतो. चार वेळा तीच सूचना. ही सगळी तपासणी दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, कारण जाग येते-जाते. त्याआधी कानात मळ आहे का, झोपेचं औषध चालू आहे का, ताप आहे का, भाषेच्या भागाला इजा आहे का, हे बघून घ्यायचं.

इतकं करूनही काही दिसलं नाही तर? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, कुठलीच सूचना न पाळणाऱ्या २४१ रुग्णांना मेंदूची चित्रं किंवा ईईजी घेताना 'मूठ वळतोय अशी कल्पना करा' अशा सूचना दिल्या गेल्या, आणि ६० जणांच्या मेंदूने त्या पाळल्या. त्याच अभ्यासात ११२ रुग्ण खाटेवर उघड उघड सूचना पाळत होते. त्यांच्यापैकी यंत्राने पकडले फक्त ४३. म्हणजे यंत्राचं 'हो' भक्कम आहे, यंत्राचं 'नाही' तेवढं भक्कम नाही. म्हणून केसपेपरवर 'शुद्ध नाही' असं लिहू नये. 'आज सकाळी साडेदहाला, मराठीतून दिलेल्या सूचनेला, चारपैकी एकाही वेळी प्रतिसाद नाही' असं लिहावं, आणि पुढच्या तपासणीची तारीख खाली घालावी.